‘हनी’ कॉफीतला मध कुठे गेला?

वरूडकडच्या एका संत्रा बागायतदार तरुणाचा प्रश्न आहे. पुण्याच्या बहिणीने त्याला २५० ग्रॅम कॉफीचं पाकीट आणून दिलं, ७०० रुपयांचं. वर छापलेलं, ‘सिंगल ओरिजिन, चिकमगळूर अरेबिका, रेड हनी’, आणि खाली एका लहान भट्टीवाल्याचं नाव. घरी नेहमीसारखी दुधात टाकून उकळली तर दूध फाटलं. उरलेली पाण्यात केली तर आंबट लागली. आई म्हणाली, “मध कुठी हाय यात?” आता तो विचारतो की यात मध असतो की नाही, हा लहान भट्टीवाला लोकांना गंडवतोय का, आणि चिखलदऱ्याला कॉफी होतेच तर गावात अशी भट्टी टाकून चालेल का.

भाऊ, मी परतवाड्याच्या बाजूला बारा वर्षांपासून कॉफी भाजतो. त्याआधी वडिलांची फुटाण्याची भट्टी होती, म्हणजे भाजणं घरातच होतं, फक्त दाणा बदलला. तुमच्या आईचा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. एका गिऱ्हाइकाने तर पाकीट परत आणलं होतं, मेळघाटातला मध घातला असेल म्हणून घेतलं होतं त्याने.

मध नसतो. थेंबभरही नाही.

कॉफी हे फळ आहे, पिकल्यावर लाल होतं, बोरापेक्षा थोडं लहान. आत दोन बिया पोट एकमेकांना लावून बसलेल्या असतात, त्याच आपले दाणे. वरचं साल बोटाने दाबलं की दाणे सुटकन बाहेर येतात, पण मोकळे येत नाहीत. भोकराचं फळ फोडलं की बोटाला जो चिकट, ताणला जाणारा गर लागतो, अगदी तसला गर दाण्याला लपेटलेला असतो. त्याच्या खाली कागदासारखं कडक टरफल, त्याला पार्चमेंट म्हणतात, त्याखाली पातळ चंदेरी पापुद्रा आणि मग दाणा. मध्य अमेरिकेत, कोस्टा रिका वगैरे देशांत, शेतकरी या चिकट गराला त्यांच्या स्पॅनिशमध्ये ‘मिएल’ म्हणतात, म्हणजे मध. साल काढून टाकायची आणि हा ‘मध’ दाण्यावर तसाच ठेवून वाळवायचा, म्हणून ती हनी कॉफी. नाव गरावरून पडलंय. चवीवरून नाही.

हा गर एरवी कुठे जातो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. जुनी रीत दोन प्रकारची. एक, साल काढून दाणे टाकीत दिवसभर-दीड दिवस आंबवायचे, गर सुटला की भरपूर पाण्याने धुवायचे आणि स्वच्छ पार्चमेंट वाळवायचं. कर्नाटकात अशा अरेबिकाला (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक, दुसरी रोबस्टा) बाजारात ‘प्लांटेशन’ म्हणतात. दुसरी, फळ अख्खंच उन्हात टाकायचं, मनुक्यासारखं काळं, सुरकुतलेलं होईपर्यंत, आणि मग कुटून दाणा काढायचा. त्याला तिथे ‘चेरी’ म्हणतात. हनी या दोघांच्या मधली. तिला धुण्याइतकं पाणी लागत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला लगेच पटावं. पण पाण्याचा जो खर्च वाचतो तो माणसांच्या मजुरीत निघून जातो, वर काही आणखी लागतो.

का, ते मोहाची फुलं वाळवलेल्या कोणालाही विचारा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचून आणलेली फुलं अंगणात पसरलेली असतात. पहिल्या दोन दिवसांत ती हातात घेतली की एकमेकांना चिकटतात. ढीग जाड राहिला की आतून गरम होतो. संध्याकाळी गोळा करायला विसरलं आणि दव पडलं, की सकाळी तोच वास येतो जो यायला नको होता (म्हणजे काहींना हवाच असतो, तो विषय वेगळा). हनी कॉफीचं दुखणं नेमकं हेच आहे. दाण्यावर साखर आहे, ओल आहे, हवेत जंतू आहेत. गर लवकर वाळला तर गोडसर, गोल चव येते. थोडा सावकाश वाळला तर फळांचा वास चढतो. फारच रेंगाळला तर दारू, त्याहून पुढे गेला तर शिरका आणि बुरशी. म्हणून दाणे जाळीच्या उंच टेबलांवर बोटाच्या एखाद-दीड पेरा इतक्याच जाडीत पसरतात आणि पहिले दोन-तीन दिवस तासातासाला उलथतात. रात्री झाकायचे. सकाळी दव उडाल्यावर उघडायचे, आधी नाही. शेवटी दाण्यात ११ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहिला पाहिजे. कापूस किंवा सोयाबीन विकायला नेलं की ओलाव्याच्या टक्क्यावरून जी घासाघीस होते, तीच इथेही आहे. फक्त इथे एक-दीड टक्का इकडेतिकडे झाला तर भाव कमी मिळून भागत नाही, माल वर्षभरात खराब होतो.

यलो, रेड, ब्लॅक ही नावं याच वाळवणीची. गर यंत्राने बराचसा काढून भर उन्हात आठ-दहा दिवसांत वाळवला तर यलो. जास्त गर ठेवून, थोडी सावली देऊन दोनेक आठवडे घेतले तर रेड. सगळा गर ठेवून, दाट सावलीत तीन आठवडे किंवा त्याहून जास्त, तर ब्लॅक. गर वाळता वाळता पार्चमेंटवर जो रंग चढतो त्यावरून हे नाव. पण याला कुठलंही सरकारी माप नाही. एका मळ्याची रेड दुसऱ्याच्या यलोसारखी निघू शकते. मी तरी रंगावरून भाव देत नाही, नमुना भाजून, पिऊन देतो.

आणि गोडवा म्हणाल तर तोही जिभेवर साखर ठेवल्यासारखा नसतो. दाण्यातली साखर भाजताना जवळजवळ सगळी मोडते, तिचे रंग आणि वास होतात. पेल्यात जे गोड ‘वाटतं’ ते मऊ पडलेला आंबटपणा आणि गुळाच्या काकवीसारखा, कधी सुकलेल्या जर्दाळूसारखा वास, या दोन्ही मिळून. गरातली साखर दाण्यात झिरपते असं पाकिटांवर रंगवून लिहिलेलं असतं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. वाळवणीच्या त्या दिवसांत दाणा अजून जिवंत असतो आणि बाहेर आंबण चालू असते, चव त्या दोन्हींतून घडते.

आता सिंगल ओरिजिन, म्हणजे एकाच भागातला, मिसळ न केलेला माल. हे तुम्हाला मी शिकवावं असं नाही, तुम्ही संत्र्याचे लोक. वरूड, मोर्शी, काटोल, कुठलाही संत्रा मुंबईच्या बाजारात ‘नागपुरी’ म्हणून जातो, २०१४ पासून त्या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. पण तुम्हाला माहीत असतं की कुठल्या शिवाराचा माल आहे. आणि त्याच झाडाचा आंबिया बहार वेगळा लागतो, मृग बहार वेगळा. चिकमगळूर अरेबिकालाही २०१९ मध्ये मानांकन मिळालं, कूर्ग, बाबाबुडनगिरी, अराकू अरेबिका आणि वायनाड रोबस्टाच्या सोबत. तर ‘सिंगल ओरिजिन, चिकमगळूर’ एवढंच लिहिलं असेल तर ते ‘नागपुरी संत्रा’ म्हटल्यासारखं आहे. खोटं नाही, पण मोघम. मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, वाण, कोणत्या हंगामाचं पीक आणि भाजल्याची तारीख, एवढं असेल तर माणूस जबाबदारी घेतोय असं मी समजतो. वाणात बहुतेक ‘एस ७९५’ किंवा ‘चंद्रगिरी’ दिसेल. दोन्ही बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेचे. संस्था १९२५ ची, चंद्रगिरी २००७ मध्ये बाहेर आला. यातलं सगळं छापायचं विसरला तरी मी माफ करीन, भाजल्याची तारीख विसरला तर नाही.

तुमचा भट्टीवाला गंडवतोय का, हे पाकीट न बघता मी कसं सांगू? पण एक खूण देतो. पाच-सहा दाणे पांढऱ्या बशीत घ्या आणि त्यांच्या पोटाची चीर उजेडात बघा. धुतलेल्या कॉफीत त्या चिरेतला पापुद्रा भाजल्यावरही फिकट, पांढुरका राहतो, तपकिरी दाण्यावर दोरा ठेवल्यासारखा. हनीमध्ये आणि अख्खं फळ वाळवलेल्या ‘चेरी’मध्ये तो गडद होतो, चीर भरून आल्यासारखी दिसते. फार काळी भाजलेली असेल तर ही खूण चालत नाही. मी स्वतः यात फसलेलो आहे. एका व्यापाऱ्याने हनी म्हणून मला दोन पोती दिली, प्रत्येकी ५० किलो. कच्चा दाणा बघूनच शंका यायला हवी होती. हनीचा कच्चा दाणा पिवळसर असतो, अंगावर पापुद्रा चिकटलेला. हा निळसर हिरवा, घासून लखलखीत. पण घाईत होतो, नमुना वेगळा आला होता आणि माल वेगळा. पहिल्या घाण्यानंतर चिरा पांढऱ्याधोप निघाल्या. पैसे गेले, कॉफी ‘प्लांटेशन’ म्हणून विकली, जे ती होती.

भावाचं गणित मात्र तुम्हीच करून पाहा. साधारण सहा किलो पिकलेल्या फळांतून एक किलो कच्चा दाणा निघतो. भाजताना त्यातलं पाणी आणि फोलपट जाऊन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास उरतं. म्हणजे तुमच्या त्या एका पाकिटात पावणेदोन किलो फळं आहेत, मोजली तर हजाराच्या घरात, आणि ती फक्त लाल तेवढीच निवडून, एकाच झाडाला तीन-चार फेऱ्या मारून तोडलेली. हिरवं फळ चुकून आलं तर त्याचा गर नीट सुटत नाही आणि कप तुरट होतो. वर वाळवणीची माणसं, पंधरा दिवस टेबल अडकलेलं, आणि एक पाऊस आला तर सगळं मातीत. माझ्यासारख्या भट्टीवाल्याचा वाटा यात जेवढा लोकांना वाटतो तेवढा नाही. मोठे खरेदीदार कंटेनरने घेतात, आम्ही दोन-चार पोती. म्हणून किलोमागे जास्त द्यावं लागतं आणि तरी मळेवाला आमचा फोन शेवटी उचलतो. त्यातून काही मळेवाले वर्षानुवर्षं आमच्यासाठी चार टेबलं बाजूला ठेवतात, त्यांच्यावरच आमचा धंदा उभा आहे.

भाजण्यात हनी कुठे अडते, ते एका घाण्यावरून सांगतो. माझं यंत्र एका किलोचं, गॅसवर फिरणारा ढोल. धुतलेली कॉफी मी ढोल २०० अंशांवर आला की टाकतो. हनीला १८५ वर. अंगावर वाळलेला गोडसर पापुद्रा असतो ना, गरम पत्र्याला लागला की दाण्याच्या कडेवर काळे ठिपके पडतात आणि चव राखेची. दाणे पडले की तापमानाचा काटा धाडकन खाली येतो, मग सव्वा मिनिटाने फिरून वर चढायला लागतो. पाचव्या मिनिटाला दाणे पिवळे, ओल्या गवताचा वास जाऊन भाकरी शेकल्याचा वास यायला लागतो. याच वेळी हनी फोलपट सोडते, धुतलेलीपेक्षा जास्त. नळीत ते साचलं तर पेट घेतं, म्हणून दर तीन घाण्यांनी मी नळी झाडतो. नऊच्या आसपास पहिली तडतड, ज्वारीच्या लाह्या फुटतात तशी, सुटी सुटी, मोठ्या आवाजाची. काटा १९६-९७ दाखवत असतो. वडील फुटाण्याच्या भट्टीवर म्हणायचे, “दाना बोलाले लागला का जाय कमी कर.” जाय म्हणजे जाळ. तेच इथे करायचं. दाणा आता स्वतःच उष्णता सोडतो, आपण आच तशीच ठेवली तर तो पळत सुटतो. हनीला मी तडतडीनंतर सव्वा ते दीड मिनिट देतो आणि २०५-२०६ वर खाली ओततो. पुढे गेलं तर दुसरी तडतड येते, ती फोडणीतल्या मोहरीसारखी बारीक. तिथपर्यंत हनी नेली की पंधरा दिवसांची वाळवण धुरात गेली समजा. (हे आकडे माझ्या यंत्राच्या काट्याचे. तुमच्याकडे काटा दुसरीकडे खोचलेला असेल तर वेगळे येतील, डोळ्यांवर आणि कानांवर जास्त भरवसा ठेवा.)

म्हणून ही कॉफी फिकट भाजलेली असते, आणि म्हणूनच तुमचं दूध फाटलं. फिकट कॉफीत आम्लं जास्त टिकतात. कालचं, दोनदा तापवलेलं दूध नासायच्या बेतात असतं, त्यात ही टाकून उकळी आणली की झालं काम. तुमच्या घरची नेहमीची कॉफी म्हणजे बहुधा चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) मिसळलेली. कायद्याने कॉफीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. ती कडू, जाड, दुधाला मानवणारी असते, तिच्यात वाईट काही नाही. आमच्या घरी पाहुणे आले की मीही तीच करतो, सासरेबुवांना माझी ‘काढा’ वाटते.

हनी कॉफी करायला यंत्र-बिंत्र नको. झाकणाचं पातेलं आणि गाळायला सुती फडकं. पाणी पाव लिटर उकळा, खाली उतरवा, मिनिटभर थांबा. जाडसर रव्यापेक्षा किंचित मोठी दळलेली पूड १५ ग्रॅम टाका, म्हणजे शिगोशीग तीन मोठे चमचे. एकदा ढवळा, चार मिनिटं झाका, गाळा. साखर पहिल्या दोन घोटांनंतर हवी तर घाला. थोडी निवली की पुन्हा चाखा, हनीचा खरा वास कोमट झाल्यावर सुटतो. आंबट वाटली तर पूड पुढच्या वेळी थोडी बारीक करा, कडवट वाटली तर जाड.

पाण्याचं मात्र बघा. दर्यापूर, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातला माझा एक गिऱ्हाईक दर महिन्याला तक्रार करायचा की तुमची कॉफी खडूसारखी लागते. एकदा तो परतवाड्याला आला, इथल्या पाण्यात तीच पूड करून दिली, तर म्हणतो पाकीट बदललं का? जड, क्षारांचं पाणी कॉफीतलं आम्ल मारून टाकतं, मग उरतो नुसता कडसरपणा. आणि नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की ती पांचट उतरते. बोअरचं आणि आरओचं मिसळून पाहा, मी एकास तीन सांगतो, तुमच्या बोअरवर आहे.

राहिला चिखलदरा. तिथे कॉफी होते हे खरं, महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की तेवढं एकच गाव निघतं. उंची ११०० मीटरच्या आसपास, म्हणजे अरेबिकाला चालण्यासारखी. पण बागा थोड्या, झाडं विखुरलेली, आणि आपण नकाशावर २१ अंशांच्या वर आहोत, चिकमगळूरपेक्षा कितीतरी उत्तरेला. कॉफीला संत्र्यासारखाच ताण लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत कोरडं पडलं पाहिजे आणि मग मार्च-एप्रिलमध्ये एक चांगला पाऊस. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी होते. कर्नाटकात त्या पावसाला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात आणि त्याची वाट लग्नाच्या मुहूर्तासारखी बघतात. आपल्याकडे त्या महिन्यांत पाऊस आला तर गारा घेऊन येतो. पाणी देऊन फुलोरा आणता येतो, पण डोंगरावर पाणी कुठून आणायचं?

तरी मी एकदा हौस केली. ओळखीच्या बागेतून डिसेंबरच्या शेवटी ६० किलो लाल फळं घेतली. बादलीत ओतून तरंगणारी काढून टाकली, हाताच्या पल्परवर साल काढली, आणि घराच्या गच्चीवर लोखंडी पलंगांवर जाळी बांधून पसरली. पहिले दोन दिवस बायको, मी आणि पुतण्या आळीपाळीने उलथत होतो. दुपारी दोनच्या उन्हात दाणे बोटांना असे चिकटायचे की हात धुवायला कोमट पाणी लागायचं, आणि मधमाश्या, त्या मात्र खऱ्या मधाच्या, टेबल सोडायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आभाळ भरलं. रात्री अवकाळी आला. ताडपत्री टाकली, तीच चूक झाली. वारा बंद झाला आणि आत घाम सुटला. सकाळी ताडपत्री उचलली तर मोहाच्या रसाचा वास आणि दाण्यांच्या ढेपा, भुईमुगाच्या चिक्कीसारख्या. फोडून बघितलं, मधल्या थरावर पांढरी लव आली होती. अर्धा माल शेणखताच्या खड्ड्यात टाकला. उरलेला चौदा दिवसांनी वाळला. माझ्याकडचं ओलावामापक धान्याचं, त्यात कॉफीचं मापच नव्हतं, म्हणून रोज एक ठरावीक परडी वजन करायचो आणि वजन उतरायचं थांबलं तेव्हा काढला. भाजून सव्वाचार किलो हातात आली. चव? ठीक. एका कपात छान, दुसऱ्यात किंचित आंबूस. विकली नाही, वाटून टाकली.

ताडपत्रीऐवजी सुती चादर आणि वर हातभर उंचीवर पत्र्याचं छप्पर, हवा खेळती, असं करायला हवं होतं. पुढच्या वर्षी फळंच मिळाली नाहीत.

भट्टीचं विचाराल तर चिखलदऱ्याच्या भरवशावर टाकू नका. दाणा कर्नाटकातून किंवा अराकूकडून आणावा लागेल, आणि आपला उन्हाळा त्याचा वैरी आहे. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की पोत्यातला ११ टक्क्यांचा दाणा महिन्याभरात नऊवर येतो, रंग उडतो, कपात जुन्या गोणपाटाचा वास. पहिल्या वर्षी मी पोती टिनाच्या खोलीत ठेवली होती. आता जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत, जाड भिंतीच्या मातीच्या खोलीत, जमिनीपासून वर पाटावर ठेवतो आणि मार्चआधी जेवढं लागेल तेवढंच मागवतो. दुसरं, वीज. ढोल फिरायचा थांबला की तळाचे दाणे मिनिटाभरात जळतात. गावठाण फीडरवर असलात तरी मोटर आणि थंड करायचा पंखा इन्व्हर्टरवर घ्या, आणि ढोलाला हाताने फिरवायची कळ आहे का ते यंत्र घेतानाच बघा. माझ्या पहिल्या यंत्राला नव्हती. सातव्या मिनिटाला लाइट गेली, झारीने दाणे उपसले, हात पोळले. अन्नसुरक्षेची नोंदणी पहिल्याच दिवशी करून टाका. आणि गिऱ्हाईक गावात शोधू नका. माझी दहापैकी आठ पाकिटं पोस्टाने आणि कुरिअरने नागपूर, पुणे, मुंबईला जातात. इथे गावात मी अजूनही ‘फुटाणेवाल्याचा पोरगा, आता काहीतरी काळं भाजते’ असाच आहे.

तरीही शिकायचं असेल तर यंत्र घेण्याआधी किलोभर कच्चा दाणा मागवा आणि लोखंडी कढईत शंभर-शंभर ग्रॅम भाजून बघा, अंगणात, घरात नको, धूर होतो. दोन घाणे जळतील. पाचव्या-सहाव्याला तडतड कधी येणार हे वासावरून कळायला लागेल. तेव्हा मला फोन करा, एक दिवस भट्टीवर येऊन बसा.

आणि त्या पाकिटाची भाजल्याची तारीख बघा. आठवड्याच्या आतली असेल तर अजून चार-पाच दिवस तोंड बांधून ठेवा. ताज्या दाण्यात वायू फार असतो, कप खरखरीत लागतो. महिना उलटला असेल तर लवकर संपवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथल्या लसणाचा वास धरते. आईला पातेल्यातली करून द्या, दूध वेगळं गरम करून वरून घाला. फाटणार नाही.